वरची पाच

मी एकतीस वर्षं पांढुर्ण्याच्या मंडीत बाबू होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला भोळा म्हणायला नको. भोळा माणूस मंडीत एकतीस दिवस टिकत नाही. हम्माली किती लावली, तुलाई किती, ओल्या कापसापोटी कापलं किती, हे सगळं मी तपासायचो आणि शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबात, एखादा आकडा जास्तीचा दिसला की अडत्याच्या तोंडाकडे बघत बघत त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढायचो. बोलायचो काही नाही. निवृत्तीच्या दिवशी मंडीनं मला शाल दिली, नारळ दिला आणि एका अडत्यानं पेन्सिलींचा आख्खा डबा दिला. तो मनापासून दिला की टोमणा म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दुसरी गोष्ट सांगायची ती संत्र्याची. आमच्याकडे हातानं मोजून संत्रा देतात तेव्हा दोन्ही हातांत मिळून पाच फळं उचलायची आणि टोपलीत टाकायची. अशा वीस खेपा झाल्या की शेकडा झाला. पण शेकडा झाला म्हणजे मोजणी संपली असं नाही. त्यावर पाच फळं आणखी पडतात. ती वरची. त्यांचे पैसे नसतात, ती हिशोबात धरत नाहीत आणि मुख्य म्हणजे ती नाकारायची नसतात. वरची पाच ज्यानं परत केली त्यानं देणाऱ्याचा अपमान केला. एका बाहेरगावच्या नव्या साहेबानं एकदा तत्त्व म्हणून परत केली होती. त्याला पुढं दोन वर्षं कोणी चहा विचारला नाही.

आता मूळ गोष्ट.

आमच्या शेजारी भगवंतराव आणि शकुबाई राहतात. मोहगावाकडे त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. त्यातली छत्तीस झाडं शकुबाईंची. कागदावर नाही, पण भगवंतरावांच्या अंगात त्या छत्तिसांतलं एक फळ विचारल्याशिवाय तोडायची हिंमत नाही, म्हणजे कागदाहून पक्की. यंदाच्या आंबिया बहाराला त्या झाडांचे पैसे आले आणि एका सकाळी शकुबाई कापडी पिशवीत सात हजार रुपये घेऊन आमच्याकडे आल्या.

"मनोहरभाऊ, मले इमानाचं टिकट काढून द्या. बंगलोरचं."

त्यांची नात प्रणाली तिथं नोकरीला. आजीला ती दोन वर्षांपासून बोलावून राहिली होती. तिकीटसुद्धा तीच पाठवत होती, पण शकुबाईंचं म्हणणं, पहिल्यांदा उडायचं तर आपल्या पैशानं.

"आन दोन गोष्टी ध्यानात ठेवा," त्या म्हणाल्या. "सात हजाराच्या वर एक रुपया लागला तं जात नाई. आन खिडकी पायजे. वरून आपला बगीचा कसा दिसते ते पाह्यतो."

मागून भगवंतराव आलेच होते. त्यांनी दारातूनच सुरू केलं. "आपल्या टेसनावरून काटोल-नागपूर करत सीधी गाडी जाते बंगलोरले. झोपून जा, खाऊन जा. खिडकी काय, दरवाजा बी भेटते. पण नाई. म्हातारीले पंख फुटले!"

"तुमाले कोन चाल म्हणते?" शकुबाई म्हणाल्या. "सात हजाराच्या वर गेलं तं जातो ना तुमच्या गाडीनं. बोलली ना मी."

"जाईनच ते वर," भगवंतराव म्हणाले आणि आमच्या ओट्यावर असे बसले, जसे काही निकाल ऐकूनच उठणार.

म्हणजे पाहा, एका बाजूला बाईचा शब्द, दुसऱ्या बाजूला नवऱ्याची पैज आणि मधे मी. शकुबाईंचं विमान उडणार की नाही हे माझ्या बोटावर होतं. नागपूरहून बंगलोरला जाणारं विमान दक्षिणेकडे जातं आणि मोहगाव उत्तरेला आहे, हे मला त्याच क्षणी आठवलं. पण विचारलं नाही तर सांगायचं नाही, ही सरकारी नोकरीची शिकवण.

आमच्या बैठकीत बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याखालच्या खुर्चीवर बसून मी महत्त्वाची कागदपत्रं करतो, कारण त्या खुर्चीवर खोटं काम होत नाही. तिथं बसलो, चष्मा पुसला आणि मोबाइल उघडला. तिकिटं विकणाऱ्या त्या साइटचं नाव सांगत नाही. आदरापोटी सांगत नाही, असं समजा.

भाडं होतं चार हजार नऊशे शहाऐंशी. मी मोठ्यानं वाचलं. ओट्यावर भगवंतराव खाकरले.

पुढच्या पानावर काय पाहतो! सीट निवडलेली होती, सतरा-ए, खिडकीची. जेवण निवडलेलं होतं. विमा होता. विमानतळावर रांगेत उभं राहू नये म्हणून काही सोय होती. तिकीट रद्द झालं तर पैसे परत मिळायची हमी होती. सगळ्यांपुढं हिरव्या टिका आधीच लागलेल्या. मी एकाही ठिकाणी बोट लावलं नव्हतं.

माझी बायको इंदू खांद्यावरून वाकून पाहत होती. "अहो, ह्या टिका कोनं लावल्या?"

"त्यांनीच."

"काहून?"

"वरची पाच," मी म्हणालो.

आणि मोजून पाहिलं तर खरंच पाच होती. इतकं भरून आलं मला की काय सांगू. एवढी मोठी कंपनी, एवढी विमानं, आणि शेकड्यावर पाच घालायची रीत विसरली नाही! नाकारायचा तर प्रश्नच नव्हता. मी शकुबाईंना प्रत्येक टीक वाचून दाखवली. त्या मान डोलवत होत्या. सहावी एक होती, झाड लावण्यासाठी दहा रुपये दान. तिच्यापुढं मात्र रक्कम ठसठशीत लिहिली होती.

"झाडाले दहा?" शकुबाई म्हणाल्या. "माह्याकडं छत्तीस हायेत. त्यालेच म्हणा दहा रुपये दे."

तेवढ्यात पडद्यावर लाल अक्षरं आली. या क्षणी चौदा जण हेच तिकीट पाहत आहेत.

"चौदा?" शकुबाई उठल्या. "आपल्या पांढुर्ण्याचेच का? लवकर करा बाप्पा! मी दूध उतू गेलं का पाहून येतो."

चौदा जण म्हटल्यावर माझाही हात घाईला आला. झाडाची टीक काढायची राहून गेली आणि पैसे भरायच्या पानावर आलो. बँकेचा मेसेज आला. नंबर टाकायला गेलो आणि रकमेकडे लक्ष गेलं.

सात हजार सातशे चव्वेचाळीस.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तेवढेच होते.

इथं मला थोडं थांबून त्या माणसाबद्दल बोलू द्या, ज्यानं ते पान बनवलं. मी त्याला ओळखत नाही, पण एकतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, असा अडत्या आमच्या मंडीनं पाहिला नाही. आमचे अडते जास्तीचं काही लावतात ते पट्टीच्या खाली, बारीक अक्षरात, चोरून लावतात. त्यात त्यांना घाम फुटतो. या पठ्ठ्यानं सगळं वर लावलं, हिरव्या रंगात, माझ्या डोळ्यांदेखत. प्रत्येकापुढं रकमाही होत्या. मागं जाऊन पाहिलं तर फिकट करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढ्या, होत्याच. सीटचे साडेचारशे, जेवणाचे चारशे, विम्याचे दोनशे एकोणपन्नास, रांगेचे सहाशे, हमीचे सहाशे नव्याण्णव. झाडाचे तेवढे दहा ठळक लिहिले होते, म्हणजे माणसानं दहा रुपयांवर घासाघीस करत बसावं आणि चोवीसशे निघून जावेत. मी पेन्सिल घेऊन जन्म काढला आणि मला गोल कुठं काढायचा तेच दिसलं नाही. राग यायला हवा होता. खरं सांगतो, आधी मनातल्या मनात नमस्कार केला.

"तुमाले येवडंबी दिसलं नाई?" इंदूनं विचारलं. हा नमस्कार नव्हता.

एवढ्यात श्रीकांत गुरुजी आले. गुरुजी एकदा दिल्लीला विमानानं जाऊन आलेले, तेव्हापासून गल्लीत आकाशाचा विषय निघाला की त्यांना बोलवावं लागत नाही. त्यांनी पडदा पाहिला, आकडा मोठ्यानं वाचला आणि कपाळावर हात मारला.

"अहो बाबू, हे सगळं काढायचं असतं! एक टीक ठेवू नका. एक! ठेवली की फसलात."

"सात हजार सातशे?" ओट्यावरून आवाज आला. भगवंतरावांचे कान त्या दिवशी विशीतले होते. "मी गाडीचं टाइमटेबल आणतो."

आता माझ्या इज्जतीचा प्रश्न झाला. मी पुन्हा त्या टिकांच्या पानावर गेलो आणि टिका काढायला सुरुवात केली. जेवणाची टीक सहज निघाली. रांगेची काढली तर खालून एक चौकट वर आली. तिच्यात 'रांग टाळा' असं मोठ्या बटणावर, आणि 'नको, मी उभा राहीन' असं कोपऱ्यात. मी उभा राहीन दाबलं. विमा काढला तर पान विचारू लागलं, प्रवासात काही झालं तर? आणि विमा नको म्हणायला जे बटण होतं त्यावर लिहिलं होतं, 'माझ्या माणसांची जोखीम मी पत्करतो.' आमचे अडते पैसे कापतात, पण कापू नको म्हणणाऱ्याला मुलाबाळांची शपथ घालत नाहीत. मी शकुबाईंच्या वतीनं, दूध तापवत असलेल्या त्या माउलीची मनात क्षमा मागून, जोखीम पत्करली.

हमीची टीक काढली. मागं जाऊन पाहिलं तर विमा परत आला होता.

"काढा," गुरुजी म्हणाले.

काढला. तर जेवण आलं.

"काढा!"

झाड काढलं. गुरुजी आता खुर्चीच्या दांडीवर बसले होते. "ती एक राहिली. काढा. सोडू नका!" इंदूही पदर खोचून उभी. तिघांच्या तीन नजरा त्या पडद्यावर, एखाद्या शेतात रानडुकरं शिरावीत आणि आम्ही त्यांना हुसकावत असावं तशा. टीक दिसली की काढ. शेवटी पान कसं झालं, कापूस वेचून झालेल्या वावरासारखं. भाडं चार हजार नऊशे शहाऐंशी आणि सुविधा शुल्क साडेतीनशे, जे कोणालाच काढता येत नाही. एकूण पाच हजार तीनशे छत्तीस. मी पैसे भरले. तिकीट आलं.

"भगवंतराव," मी ओट्यावर जाऊन, शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणालो, "टाइमटेबल राहू द्या."

शकुबाई दूध उतरवून आल्या. मी कागदावर हिशोब लिहून दिला आणि उरलेले एक हजार सहाशे चौसष्ट हातावर ठेवले. त्यांनी कागद लांब धरून पाहिला.

"हे साडेतीनशे कायचे?"

"सुविधा शुल्क."

"कोनाची सुविधा?"

एकतीस वर्षांत मंडीत मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नाही. मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी चपला शोधू लागले.

"बरं, जाऊ द्या. खिडकी आली ना?"

मी तिकीट पुढं केलं आणि सीटच्या आकड्यावर बोट ठेवलं. सतरा-बी. तीन खुर्च्यांतली मधली. डुकरं हुसकावताना आम्ही वावरातली गायही हाकलून दिली होती. जी एक टीक ठेवायची, जिच्यासाठी ती बाई विमानात बसणार होती, तीच काढताना मला सगळ्यात जास्त मजा आली होती.

लगेच पुन्हा साइट उघडली. सतरा-ए गेली होती. चौदांपैकी कोणीतरी खरंच होतं म्हणायचं. सगळ्या खिडक्यांवर फुल्या. फक्त अगदी पुढच्या रांगेत एक शिल्लक, सतराशे पन्नास रुपयांना. मी तोंडी बेरीज केली. सात हजार शहाऐंशी.

शहाऐंशी रुपयांनी वर! मी इंदूला आत बोलावून म्हणालो, "शहाऐंशी माझे टाकतो. चूक माझीच आहे. त्यांना कळणार नाही."

"खोटा हिशोब देसान त्यायले? त्या खुर्चीवर बसून?"

मी बाहेर आलो आणि शकुबाईंना सगळं खरं सांगितलं. शहाऐंशींचंही सांगितलं. त्यांनी तिकिटाची घडी घातली.

"तुमचे शहाऐंशी घेतले तं टिकट माह्या पैशाचं कसं राह्यलं, भाऊ?" त्या म्हणाल्या. "राहू द्या. मंदी बसतो."

माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. भगवंतरावांनी मात्र वेळ साधली. "मंदी! धा हजार फूट वर जाऊन दोघांच्या मंदी बसन. येवढं तं काली-पिवळीत बी भेटते."

जायच्या आदल्या दिवशी मी माझा काटा घेऊन गेलो. हातातल्या पिशवीला सात किलोची मर्यादा, आणि या बाबतीत तरी माझी चूक होणार नव्हती. पापड काढले, लोणच्याची बरणी काढली, संत्री मोजून ठेवली. काट्यावर सात किलो, काटा हलेना की डुलेना. मी मागं सरलो तशी शकुबाईंनी टोपलीतून पाच संत्री उचलली आणि पिशवीवर ठेवली.

"शकुबाई, वजन!"

"हे वजनात नाई. हे वरचे हाये."

"विमानतळावर वरचं-खालचं नसतं हो."

"मंग ओटीत घेतो," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

विमान सकाळी साडेअकराचं. मी आणि इंदू त्यांना घेऊन पहाटेच्या बसनं नागपूरला गेलो. भगवंतराव आले नाहीत. "मले मोहगावले काम हाये," एवढंच म्हणाले, पण काम असलेल्या माणसानं घालू नये इतकं पांढरं धोतर नेसून निघाले होते. विमानतळावर बिगर तिकिटाच्या माणसाला आत जाऊ देत नाहीत. आम्ही काचेच्या बाहेर उभे. पलीकडे शकुबाईंनी पिशवी वजनाला ठेवली. सात किलो. मग तिथल्या मुलीनं त्यांच्या ओटीकडे बोट दाखवलं. शकुबाईंनी तिला काहीतरी समजावलं, दोन्ही हातांनी उचलून टाकायची खूण करून. मुलगी हसली आणि पुढं जा म्हणाली. नंतर एका ट्रेमध्ये ती पाच संत्री ओळीनं यंत्राच्या तोंडात गेली. पुढचं दिसलं नाही. इंदूनं डोळे टिपले. मी बसचं वेळापत्रक वाचत असल्यासारखं केलं. तिथं बसचं वेळापत्रक नव्हतं.

फोन आला तो आम्ही पांढुर्ण्याला परत पोहोचल्यावर.

"मनोहरभाऊ, पोचली मी! खिडकीत बसून आली!"

"खिडकीत? पैसे दिले का?"

"कायचे पैशे! ऐका तं. खिडकीपाशी एक साहेब होता. चांगला बूटकोटवाला, डोये मिटून पडला होता. मी मंदात बसली. आता शेजारी बसला मानूस, त्याले काई देल्ल्याशिवाय कसं बोलाचं? ओटीतले पाची संत्रे त्याच्या मांडीवर ठेवले. तो दचकूनच उठला. म्हनते, आँटी, हे मी मागवले नाई. मी म्हणली, अरे मागवाचे नसते. तो म्हनते, याचे किती लागन? पाकीटच काढलं ना त्यानं!"

"मग?"

"मग मी म्हणली, बावा, वरचे हाये. याचे पैशे नसते. तो माह्या तोंडाकडं पाहूनच राह्यला. दोन खेपा इचारलं त्यानं, खरंच नाई लागत? मंग हसला, उठला, म्हनते, आँटी, तुमी या इकडं. आन सबन रस्ताभर संत्रे सोलून खाल्ले त्यानं. मलेबी देल्ल्या दोन फोडी."

त्या साहेबानं साडेचारशे रुपये भरून घेतलेली खिडकी! माझ्या हातून बटणं दाबूनही गेलेली! एवढ्या मोठ्या अडत्याशी या बाई भांडल्या नाहीत, त्याचं पान पाहिलं नाही, एक टीक काढली नाही. मी त्या पान बनवणाऱ्याला नमस्कार केला होता तो परत घेतला आणि बंगलोरकडे तोंड करून केला.

"आणि बगीचा?" मी जरा भीतभीतच विचारलं.

"दिसला एक. पण आपला नोता."

"कशावरून?"

"रांगा वाकड्या होत्या." मग जरा आवाज कमी करून, "त्यायनं जेवन केलं का वो? पाहून या जरा."

मी अंगणात आलो तर भगवंतराव फाटकातून आत येत होते. पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेलं, दुपट्टा घामानं ओला आणि उजवा हात डाव्या हातानं धरलेला.

"इंदूबाई, बाम हाये का घरात?"

"काय झालं हो हाताले?"

"काई नाई." ते ओट्यावर टेकले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "साडेअकरालेच उडलं ना ते? पावणेबाराले माह्या डोक्यावरून गेलं. मी उंच बांधावर उभा होतो. दुपट्टा हालवला चांगला धा मिनटं. म्हटलं... तसं येवड्या वरून कायचं दिसते म्हना."

दिल्लीचं असेल, नाहीतर कुठलं. मंडीच्या एकतीस वर्षांत माझ्या हातची एक नोंद खोटी नाही. पण मी त्या वेळी अंगणात होतो. खुर्चीवर नव्हतो.

"आत्ताच फोन आला होता शकुबाईंचा," मी म्हणालो. "खिडकीत बसल्या होत्या. बगीचा दिसला म्हणाल्या. बांधावर कोणीतरी पांढरं हलवत होतं म्हणे."

इंदू बामची डबी घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भगवंतरावांकडे पाहिलं आणि गुपचूप झाकण उघडलं.

भगवंतराव ताठ बसले. दुखरा हात त्यांनी मांडीवर आपटला.

"मी तुमाले पैल्या दिवसापासून काय सांगून राहिलो, मनोहरभाऊ? जाचं तं इमानानंच! रेल्वेतून काय दिसते? काटोल!"